अठ्ठेचाळीस तासांनंतरचं रक्त

आमच्या गावात माझं बोलणं लोक गाळून घेतात. मी दहा म्हटलं की ऐकणारा दोन धरतो, आणि मी दोनच म्हटलं तर याला बरं नाही वाटतं, म्हणून घरी चौकशीला येतो. एका साली माझं सोयाबीन इतकं वाढलं होतं की त्यात शिरलेली बैलजोडी तीन दिवसांनी सापडली, तीही पलीकडच्या गावच्या कोतवालानं हाक दिली म्हणून. वाघीण माझ्या बांधावर बसून कापूस वेचणाऱ्या बायांची हजेरी घेत होती, हे मी वनखात्याच्या माणसाला तोंडावर सांगितलेलं आहे. त्यानं ते वहीत लिहून घेतलं नाही, ही त्याची चूक. कोणाचं काही बिघडलं नाही. फेकायचं काम माझं, गाळायचं काम ऐकणाऱ्याचं, असा कळंब तालुक्यात माझा सगळ्यांशी न लिहिलेला करार होता.

पुढचं सांगताना काहीही फुगवायचं नाही असं मी ठरवलं आहे. पण मला माझा भरवसा नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

माझी धाकटी बहीण महागावकडे दिली आहे. जवाई पुण्याकडे एका कारखान्यात. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. यवतमाळच्या एका डॉक्टरबाईंची ट्रीटमेंट चालू होती. त्यांनी मागे एकदा पिशवीत औषध सोडून एक्स-रे काढला होता, त्यात दिसलं की उजवीकडची गर्भनळी बंद आहे. डावी चालू आहे. मॅडम म्हणाल्या होत्या, एक चालू असली तरी होऊ शकतं, धीर धरा. बहीण धीर धरून होती. आठ वर्षांत तिनं एकदाही माझ्यासमोर डोळ्यांत पाणी आणलं नाही. चारचौघांच्या घरी बारशाला जायची, घुगऱ्या खाऊन यायची.

त्या वर्षी पोळ्याला चार दिवस असताना ती माहेरी आली आणि माझ्या बायकोला आत नेऊन काहीतरी दाखवलं. प्लॅस्टिकची ती पट्टी. दोन रेघा. बायकोनं ती मला दाखवली तेव्हा मी खुर्चीवर होतो. नंतर मी जमिनीवर कसा आलो ते मला आठवत नाही. हे खरं आहे, बायकोला विचारा.

मायला सांगितलं. माय देवापुढे गेली, साखर ठेवली आणि परत येऊन मला म्हणाली, "हे पाय, तीन महिने तोंड उघडशीन तर मुस्कट फोडीन तुहं."

"मायबाई, मी कोनाले सांगतो?"

"तू तं बैलालेही सांगशीन."

पोळ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे खांदशेकणीला, मी बहिणीला यवतमाळला घेऊन गेलो. गाडी इतकी हळू चालवली की एक शेळ्यांचा कळप मला ओव्हरटेक करून गेला आणि त्यातल्या एका बोकडानं वळून पाहिलं. बहीण मागच्या सीटवर दोन उशांमध्ये बसली होती. ती म्हणाली, "दादा, जरा जोरात चालव ना बाप्पा. अशानं नववा महिना रस्त्यातच लागंन."

मॅडमनी तपासलं आणि रक्ताची एक तपासणी लिहून दिली. बीटा एचसीजी. तिथे सगळे नुसतं "बीटा" म्हणतात. सोनोग्राफीत एवढ्या लवकर काही दिसणार नाही, म्हणाल्या. मग खुर्ची पुढे ओढून आम्हाला समजावून सांगितलं. त्यांचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात, कारण नंतर मी ते मनात शेकडो वेळा घोळवले आहेत.

"गर्भ रुजला की एक हार्मोन रक्तात यायला लागतं. गर्भ योग्य जागी असेल आणि नीट वाढत असेल, तर दोन दिवसांत ते जवळपास दुप्पट होतं. आज जो आकडा येईल, तो एकटा मला काहीच सांगणार नाही. मोठा असला तरी नाही. अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा रक्त द्यायचं. तो दुसरा आकडा पहिल्याशी कसा जुळतो, त्यावरून कळेल. आकडा अडखळला, तर गर्भ नळीत अडकलाय का ते बघावं लागतं. तुमची एक नळी आधीच बंद आहे, म्हणून मला जास्त काळजी. शनिवारी सकाळी या. विसरू नका."

"विसरतो कसा मॅडम," मी म्हटलं, "मी शुक्रवारीच येऊन बाहेर बसतो."

त्या हसल्या नाहीत. बहिणीकडे पाहून पुन्हा म्हणाल्या, "शनिवारी."

संध्याकाळी, बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावून मी हात धूत होतो तेव्हा रिपोर्ट मोबाइलवर आला. सहाशे दहा. रिपोर्टमध्ये खाली किती आठवड्यांना किती असावं याचा तक्ता होता. त्यात सहाशे दहा बरोबर बसत होतं. मी तो तक्ता वाचला आणि त्या घडीपासून बीटा या विषयातला विदर्भातला सर्वांत मोठा जाणकार झालो. मॅडमनी सांगितलेलं दुपटीचं गणित मी लगेच चालवून पाहिलं. शनिवारी बाराशे, सोमवारी चोवीसशे, आणि याच हिशेबानं दसऱ्यापर्यंत अख्ख्या यवतमाळ जिल्ह्याला पुरून उरेल एवढं बाळ.

मायला दिलेला शब्द मी पोळ्याच्या सकाळपर्यंत पाळला. सकाळी बैल सजवताना शेजारच्या काकांनी विचारलं, "काहून बे, आज लई खुशीत दिसून राह्यला?" मी म्हटलं, काही नाही. तीनदा काही नाही म्हटलं. चौथ्यांदा नंबर सांगितला. सहाशे दहा नाही, साडेसहा हजार सांगितला. बैल तोरणाखाली उभे राहीपर्यंत गावात जुळ्यांची बातमी होती, आणि पोळा फुटल्यावर पानठेल्यावर मला कोणीतरी सांगितलं की माझ्या बहिणीला तिळं होणार आहेत. मी म्हटलं, "असं ऐकलं तं आहे मीबी."

माय ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभी होती. बैलांना ओवाळलं, पुरणपोळी खाऊ घातली, आणि माझ्याकडे बघितलंही नाही. गावभर झालेलं तिला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. पोळ्याची कर.

आमच्याकडे करीच्या दिवशी कोणी गावाबाहेर जात नाही. नवीन काम धरत नाहीत, दवाखान्यात जात नाहीत, पैसेही कोणाला देत नाहीत. घरोघरी मटण असतं, बैलांना सुट्टी असते आणि माणसं झाडाखाली पत्ते खेळतात. हे कोणी ठरवलं ते कोणालाच माहीत नाही, पण सगळे पाळतात. आमच्या घरी तर त्या दिवशी माझा दरबार भरतो. दहा-बारा जण येतात, रस्सा खातात आणि मला बोलू देतात. वर्षातला माझा सगळ्यात आवडता दिवस तो. सणापेक्षाही जास्त.

सकाळी सातला बहीण तयार होऊन आली. हिरवी साडी, पर्स, फाइल. म्हणाली, "दादा, निघाचं ना?"

माय चुलीपाशी होती. ती उठून उभी राहिली. "कुठं?"

"यवतमाळले. मॅडमनं बलावलं हाय."

"करीच्या दिवशी? पोटुशी बाई करीच्या दिवशी रक्त द्याले जाते का कुठं? आठ वर्षांनं देवानं दिलं, अन् तू आज सुई टोचून घ्याले चालली?"

"माय, त्यायनं अठ्ठेचाळीस तास सांगतले आहे."

"सोमवारी जा. देवाचं दिलेलं दोन दिवसांत कुठं पळून जाते?"

बहिणीनं माझ्याकडे पाहिलं.

आता इथे मी थोडा थांबतो. मी माणसांना काहीही पटवू शकतो, हे मी फुशारकीनं सांगत नाही, जिल्ह्यातले लोक सांगतात. मी एका पटवाऱ्याला पटवून दिलं होतं की माझ्या शेतातली विहीर दर अमावस्येला जागा बदलते. मायला पटवायला मला दोन मिनिटं लागली असती. ही कर नाही, शनिवार आहे, हनुमंताचा वार आहे, असं काहीतरी. माय मला शिव्या देत तयार झाली असती. पण मटण आलं होतं. अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या. आणि खरं सांगायचं तर सहाशे दहा हा आकडा मला फार मोठा वाटत होता. कालपासून साडेसहा हजार सांगून सांगून तो माझ्या डोक्यात साडेसहा हजारच झाला होता.

मी म्हटलं, "बाई, माय बरोबर म्हनते. सोमवारी जाऊ."

"पन मॅडम म्हणे शनिवारीच. आकडा अडखळला तं?"

"तुहा नंबर काय अडखळते? आपल्या मुकुटबनची एक बाई हाय, माह्या ओळखीची. तिचाही असाच होता. तिनं दुसरी टेस्ट केलीच नाही. तिले मधात पोटातही दुखलं, थोडं रक्तही लागलं. घरचे घाबरून गेले. पन डॉक्टर म्हणे, हे तं जागा धरून राह्यलं, असं होतेच. जुळे झाले तिले. आता शाळेत जातात. दोघं एकाच बाकावर."

मुकुटबनला माझ्या ओळखीची कोणतीच बाई नाही. ही बाई मी तिथेच, चुलीच्या धुरात उभा राहून तयार केली. एवढं बारीक काम मी सहसा करत नाही. बाक वगैरे. बहिणीच्या चेहऱ्यावरची भीती जावी म्हणून केलं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. मला माझ्या सतरंजीवर लवकर बसायचं होतं, हेही त्यात होतं.

बहीण लहानपणापासून माझं बोलणं ऐकत आली आहे. गावात सगळ्यात बारीक चाळणी तिची. सोयाबीन, वाघीण, विहीर, सगळ्यांवर ती हसत असे. पण त्या सकाळी ती हसली नाही. पर्स खुंटीला अडकवली आणि म्हणाली, "जुळे झाले म्हनते. दोघंही बरे हायेत ना?"

"एकदम."

ती आत जाऊन साडी बदलून आली.

करीचा दरबार चांगला रंगला. मी काय काय सांगितलं ते आठवत नाही. लोक पोट धरून हसत होते, एवढं आठवतं.

रविवारी दुपारी बहिणीचा डावा खांदा दुखायला लागला. पोटातही थोडं. ती भिंतीला टेकून बसली होती. मी जाता जाता म्हटलं, "खांदशेकणी गुरवारीच झाली, तुहाच खांदा राह्यला वाटते." मायनं पळसाची पानं गरम करून तिचा खांदा शेकला. पोटात रक्त उतरलं की खांदा दुखतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं. एका माणसाला माहीत होतं, आणि त्या यवतमाळला होत्या.

सोमवारी सकाळी ती निघायला तयार झाली. तीच हिरवी साडी. चपला घालायला वाकली आणि दारातच खाली बसली. तोंड पांढरं पडलं होतं, कपड्याला रक्त नव्हतं. मी तिला उचलून गाडीत घातलं. त्या दिवशी गाडी किती जोरात चालवली ते मी सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही गाळून घ्याल.

मॅडमनी सोनोग्राफी लावली आणि एका मिनिटात थिएटर तयार करायला सांगितलं. रक्तही घेतलं. तो आकडा नंतर कळला. सातशे साठ. चार दिवसांत सहाशे दहाचे सातशे साठ. गर्भ डाव्या नळीत होता, आणि नळी फुटली होती.

बहीण वाचली. नळी काढावी लागली. चालू असलेली एकच होती, ती.

जवाई संध्याकाळी पुण्याहून पोचले. सरळ मॅडमकडे गेले. त्यांनी मॅडमना विचारलं, शनिवारी आलो असतो तर? मी त्यांच्या मागे भिंतीशी उभा होतो. मॅडम म्हणाल्या, "शनिवारी आकडा अडखळलेला दिसला असता, हे नक्की. मग लगेच शोधलं असतं. लवकर सापडलं तर कधी कधी इंजेक्शनवर भागतं, नळी राहते. कधी कधी राहतही नाही. या केसमध्ये काय झालं असतं, ते मी खात्रीनं नाही सांगू शकत."

मी तो "कदाचित" घेऊन घरी आलो. त्यांनी तो शब्द उच्चारलाही नव्हता, मीच तो काढला. अजून माझ्याजवळ आहे. रोज सकाळी मी त्याच्याकडे दोन्ही बाजूंनी बघतो.

गावानं दोष करीला दिला, म्हणजे मायला दिला. म्हातारीनं पोरीला दवाखान्यात जाऊ दिलं नाही. पानठेल्यावर लोक माझ्यासमोर म्हणायचे, "जुन्या लोकांचं काय करता भाऊ." आणि मी मान हलवायचो. मोठमोठ्या गोष्टी बोलणाऱ्या माणसानं त्या वर्षी मान हलवण्यापलीकडे काही केलं नाही. माय स्वतःही तेच धरून बसली. पुढच्या पोळ्याच्या करीला तिनं दिवसभर काही खाल्लं नाही. घरात मटण शिजलं नाही. सतरंज्या मी टाकल्याच नाहीत, आणि कोणी आलंही नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात बहीण चार दिवस राहायला आली. अंगणात ती आणि मी तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. ती म्हणाली, "दादा, ते मुकुटबनची बाई."

माझे हात थांबले.

"तिले भेटाचं हाय मले. नागपूरचे डॉक्टर टेस्ट ट्यूबचं म्हनून राह्यले. मले धीर नाही होत. तिले विचारीन म्हनते, तिनं तेवढे दिवस कसे काढले. लेकरंही पाहीन. तुह्याजवळ तिचा फोन नंबर असंन ना?"

माझ्या डोक्यात एका क्षणात तीन गोष्टी तयार झाल्या. ती बाई गाव सोडून गेली. नवऱ्याची बदली झाली. फोन बंद आहे. तिन्ही चांगल्या होत्या.

"तशी बाई नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"मी बनवली होती. तिथंच. तुले बरं वाटावं म्हनून."

ती एक शेंग सोलत होती, ती तिनं पूर्ण सोलली. दाणे सुपात टाकले. "अन् तिचं पोट दुखत होतं ते?"

"तेही मीच."

तिनं सुपातले दाणे हातानं सारखे केले. मग म्हणाली, "रविवारी पोट दुखून राह्यलं तं मी मनात म्हटलं, तिचंही दुखलं होतं. जागा धरून राह्यलं. म्हनून मी कोनाले बोलली नाही, दादा. मले रात्रीच समजलं होतं काहीतरी बिघडून राह्यलं. पन मी बोलली नाही."

मला वाटलं ती रडेल, किंवा सूप फेकून मारेल. तिनं शेंगांचा दुसरा ढीग पुढे ओढला आणि म्हणाली, "मायले सांग. ती करीले उपाशी राह्यते."

मी आत गेलो. माय निवडत होती काहीतरी. मी उभ्यानं सांगितलं, जसं होतं तसं, कुठेही काही न लावता. आयुष्यात इतकी छोटी गोष्ट मी कधी सांगितली नसेन. माय ऐकत राहिली. नंतर म्हणाली, "तू खोटं बोलला ते तुहं. पन जाऊ नको तं मीच म्हटली ना." पुढच्या करीलाही ती जेवली नाही. माझ्या सांगण्यानं तिचं ओझं काही कमी झालं नाही. त्यात फक्त माझं आणखी एक पडलं.

यंदा नागपूरला बहिणीनं आणि जवायांनी ते टेस्ट ट्यूबचं केलं. मला बायकोकडून कळलं. बहिणीनं मला फोनवर एवढंच सांगितलं होतं, "दादा, राग नको मानू. जे होईन ते होईन. पन नंबर तुले सांगनार नाई. तुह्यापाशी गेला का नंबर जसा हाय तसा राहत नाई." मी म्हटलं, बरोबर आहे. आणि ते बरोबरच आहे.

तिचं पहिलं रक्त मंगळवारी झालं. आज गुरुवार, दुसऱ्या रक्ताचा दिवस. सकाळपासून मी शेतावर गेलेलो नाही. बायकोचा फोन अकराला वाजला. तिनं उचलला, "हं, बाई, बोला" म्हणाली, आणि ऐकता ऐकता माझ्याकडे बघितलं. मग आत गेली आणि दार लोटून घेतलं.

मी ओट्यावर बसून आहे. आतून काही ऐकू येत नाही. ती किती वेळ आत आहे, ते मला मोजायचं नाही. ती बाहेर आली की तिच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही, असं मी ठरवलं आहे. नंबर विचारायचा नाही, हे तर ठरवायचीही गरज राहिली नाही.